तेहतीस अंशांचा फरक

पुरवणी जबाब. दिनांक बावीस, वेळ सकाळी दहा वाजून वीस मिनिटे.

मी, कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतील सहायक, कॉलेजात लहानथोर सगळे मला ‘मामा’ म्हणतात, वय ५३ वर्षे, धंदा नोकरी, राहणार कॉलेजच्या मागची कर्मचारी वसाहत, खोली नंबर चार, आज पोलीस ठाण्यात आपण होऊन समक्ष हजर राहून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. सदर प्रयोगशाळेत मला बावीस वर्षे झाली. या महिन्याच्या अकरा तारखेला प्रॅक्टिकल चालू असताना दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीच्या डाव्या डोळ्यात कॉस्टिक सोड्याचे द्रावण उडाले. त्याबाबत मी बारा तारखेला याच ठाण्यात जबाब दिला आहे. त्यात ‘मुलांच्या टेबलावरच्या बाटल्या मी भरल्या, चूक माझी’ असे मी लिहून दिले. तो जबाब तेवढ्या बाबतीत खोटा आहे. बाटल्या मी भरल्या नव्हत्या. खरी हकीकत खालीलप्रमाणे आहे.

प्रयोग काय असतो असे विचारले म्हणून सांगतो. थर्मोकोलच्या पेल्यात पन्नास मिली हायड्रोक्लोरिक ॲसिड घ्यायचे. मोजपात्रात पन्नास मिली कॉस्टिक. दोन्हींचे तापमान लिहून ठेवायचे. मग कॉस्टिक पेल्यात ओतायचे, वर पुठ्ठ्याचे झाकण, झाकणाच्या भोकातून थर्मामीटर, आणि दर अर्ध्या मिनिटाला आकडा लिहायचा. ॲसिड आणि कॉस्टिक एकमेकांना मारतात, त्यातून उष्णता निघते. थर्मोकोल ती सहजी बाहेर जाऊ देत नाही. म्हणून पाणी किती अंश तापले यावरून उष्णता किती निघाली याचा हिशेब लागतो. प्रयोग सोपा आहे. आमच्याकडे दरवर्षी साडेसहा अंश वाढतात. कधी सहा, कधी पावणेसात. सातच्या वर गेलेले मी कधी पाहिले नव्हते.

दोन्ही द्रावणे आधी दाट करून ठेवावी लागतात. ती मी करतो. त्याला मूळ द्रावण म्हणतात, ते प्रयोगाच्या द्रावणापेक्षा पाचपट तीव्र असते. त्यात पाणी घालून प्रयोगापुरते पातळ करणे, तपासणे, मुलांच्या बाटल्यांत भरणे आणि लेबल लिहिणे हे काम विभागप्रमुख मॅडम स्वतः करतात. इतर कॉलेजांत हेही सहायकच करतो. मॅडमचे म्हणणे असे की, मुलांच्या हातात जे जायचे त्याच्यावर अक्षर शिकवणाऱ्याचे असावे.

मॅडमचे वय अठ्ठावन्न. लग्न केलेले नाही. थोरल्या बहिणीबरोबर राहतात, त्यांना आम्ही ताई म्हणतो. मी कामाला लागलो तेव्हा मला ब्युरेट, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने मोजायची काचेची नळी, धरता येत नव्हती. मॅडमनी शिकवले. माझे शिक्षण दहावी नापास आहे. पण आज मी कुठलेही द्रावण तपासून देऊ शकतो, ते त्यांच्यामुळे.

साधारण आठ महिन्यांपूर्वी मागच्या परीक्षेच्या वेळी मॅडमनी एकाच तासाला दोनदा हजेरी घेतली. मुले हसली, मॅडमही हसल्या. मग एकदा हातात चष्मा घेऊन चष्मा शोधला. असे माझेही होते, म्हणून मी मनावर घेतले नाही. त्यानंतर एका सकाळी मूळ द्रावण नेहमीपेक्षा जास्त संपलेले दिसले म्हणून त्यांनी भरलेली ॲसिडची बाटली मी तपासली. ती दुप्पट तीव्र होती. मी कोणाला न सांगता ओतून दिली आणि नवी भरून ठेवली. लेबल त्यांचेच ठेवले.

त्या दिवसापासून मॅडमनी भरलेली प्रत्येक बाटली मी त्यांच्यामागे तपासत होतो. त्या स्टाफरूममध्ये चहाला गेल्या की मी तपासायचो. एका बाटलीला दहा मिनिटे लागतात. त्यांचा आकडा आणि माझा आकडा मी एका वहीत लिहीत होतो. ती वही आज हजर करतो. आठ महिन्यांत चार वेळा चुकले. चारही वेळा मी बदलले.

ही गोष्ट प्राचार्यांना का सांगितली नाही असे विचारले असता सांगतो की, सांगितले असते तर मॅडमना दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेत येऊ दिले नसते. त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. मला वाटले, तेवढे निभावून नेता येईल.

दहा तारखेला संध्याकाळी पावणेपाच वाजता मी दुसऱ्या वर्गाच्या बाटल्या तपासत होतो. मॅडम घरी गेल्या असे समजून दार लावले नव्हते. त्या छत्री विसरली म्हणून परत आल्या. त्यांनी विचारले, “मामा, हे काय करताय?”

मी म्हणालो, “काही नाही मॅडम. हात बसावा म्हणून.”

त्या म्हणाल्या, “बावीस वर्षांनी हात बसवताय?”

वही टेबलावर उघडी होती. मॅडमनी ती उभ्यानेच पहिल्या पानापासून वाचली. मग विचारले, “चार वेळा?”

मी हो म्हणालो.

“आणि तुम्ही गुपचूप बदलून ठेवलंत.”

“हो.”

त्यांनी मग वही बंद करून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “ताईला कळलंय काहीतरी. ती गॅस बंद आहे का ते माझ्यामागे जाऊन बघते. आता तुम्हीपण. घरात ती, इथं तुम्ही. मग मी कुठं आहे, मामा?”

जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या, “उद्याचं मी नीट करते. उद्या तपासू नका. एवढं ऐका माझं.”

मी बरे म्हणालो.

अकरा तारखेला, मंगळवारी, मॅडम सकाळी साडेआठला आल्या. नेहमीपेक्षा लवकर. मी कोठीतून थर्मोकोलचे पेले आणि थर्मामीटर काढत होतो. नऊ वाजून दहा मिनिटांनी मी दारातून पाहिले तेव्हा दहाही टेबलांच्या बाटल्या भरून ओळीने ठेवलेल्या होत्या आणि मॅडम शेवटचे लेबल चिकटवत होत्या. त्या म्हणाल्या, “झालं बघा. कसं नेटकं झालंय.” लेबले सरळ लागली होती. अक्षर सुंदर होते. मॅडम इतक्या खुशीत मला खूप दिवसांनी दिसल्या.

मी एकही बाटली तपासली नाही. वेळ होता. प्रॅक्टिकल दहाला सुरू झाले.

त्या तासाला वीस मुले होती, दोघा-दोघांना एक टेबल. डोळ्यांवर लावायचे चष्मे कपाटात होते. ते वाटायचे काम माझे. या प्रयोगाला पातळ द्रावण असते म्हणून मी ते कधीच काढत नाही, त्या दिवशीही काढले नाहीत. पातळ असले तरी कॉस्टिक ते कॉस्टिक, चष्मे काढायला हवे होते. ही चूक माझी आहे आणि ती मॅडमच्या नावावर लिहू नये.

मॅडमनी फळ्याजवळ उभे राहून प्रयोग समजावला. दरवर्षी सांगतात ते याही वेळी सांगितले, “हे दोघं भांडून संपतात. मागे उरतं खारं पाणी आणि थोडा ताप. घरोघरी हेच चालतं, आपण फक्त मोजतो.” मुले हसली.

दहा वाजून पंचवीस मिनिटांच्या सुमारास एक नंबरच्या टेबलावरच्या मुलीने हाक मारली, “मॅडम, हे थांबतच नाहीये.” मॅडम तिच्याकडे निघाल्या. मी मागच्या बाजूला बेसिनपाशी होतो. तेवढ्यात तीन नंबरच्या टेबलावरची मुलगी कॉस्टिक ओतत होती. तिला वर्गात सगळे ‘घाईबाई’ म्हणतात, कारण तिचा प्रयोग सगळ्यांच्या आधी होतो आणि सगळ्यांत बरोबर येतो. निम्मे ओतल्यावर पेल्यातून एकदम वाफ तिच्या तोंडावर आली. तिने हात झटकला. मोजपात्रात उरलेले कॉस्टिक तिच्या डाव्या डोळ्यात गेले.

मी तिला धरून बेसिनपाशी नेले आणि नळाखाली डोळा उघडून धरला. घड्याळ समोर होते. वीस मिनिटे धरला. ती ओरडत नव्हती. “मामा, अजून किती?” एवढेच विचारत होती. मी दर वेळी “दोन मिनिटं” म्हणत होतो.

मॅडमनी बाकीच्या मुलांना पेल्यांना हात न लावता एकेक करून बाहेर काढले, खिडक्या उघडल्या, दवाखान्याची गाडी बोलावली. त्यात कुठेही चूक झाली नाही. गाडी आली तेव्हा त्या व्हरांड्यात मला म्हणाल्या, “द्रावण कुणी केलं होतं?”

मी त्यांच्याकडे पाहिले. त्या खरोखर विचारत होत्या.

मी म्हणालो, “मी.”

त्या म्हणाल्या, “असं कसं केलंत मामा?” आणि रडू लागल्या. तेव्हा पहिल्यांदा मी हे खोटे बोललो. पोलिसांशी नंतर बोललो.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारले, डोळ्यात काय गेले आणि किती तीव्र. मी सांगितले, कॉस्टिक, पाचपट. निघताना मी फळीवरची मूळ द्रावणाची मोठी बाटली रिकामी पाहिली होती. डॉक्टरांशी मी खोटे बोललो नाही.

त्याच दिवशी दुपारी दीड वाजता मी परत आलो. पंचनामा व्हायचा होता. त्याआधी मी सगळ्या बाटल्या धुतल्या आणि त्यांवरची लेबले कोमट पाण्यात भिजवून काढली. लेबलांवर मॅडमचे अक्षर होते. अठरा लेबले फेकली. तीन नंबरच्या टेबलावरची दोन फेकवली नाहीत. ती वाळवून घरी डब्यात ठेवली होती, ती आज हजर करतो. पुरावा नाहीसा करणे हा गुन्हा आहे हे हवालदारांनी मला समजावून सांगितले आहे. मला ते समजले आहे.

सतरा तारखेला मी इस्पितळात गेलो असता मुलीचे वडील भेटले. ते शिवणकाम करतात. ते म्हणाले, “डॉक्टर सांगतात, डाव्या डोळ्याला उजेड-अंधार कळेल. अक्षर दिसणार नाही. पुढचं सहा महिन्यांनी बघू म्हणतात.”

मग ते म्हणाले, “तुम्ही भरल्या बाटल्या?”

मी हो म्हणालो.

ते म्हणाले, “आणि तुम्हीच वीस मिनिटं पाणी धरलंत. ते धरलं नसतं तर डोळाच गेला असता म्हणतात. आता मी रागवायचं कुणावर? रोज घरून ठरवून येतो, आज मामाला गाठायचं, चार शब्द सुनवायचे. इथं आलो की पोरगी विचारते, मामा आले का? मला धड रागवतासुद्धा येत नाही हो.”

त्यांनी मला बाकावर बसायला जागा दिली. मी बसलो नाही, घरी आलो.

एकोणीस तारखेला दुपारी चार वाजता मी मॅडमच्या घरी गेलो. प्रयोगशाळा बंद असल्यामुळे त्या घरीच होत्या. ताईंनी दार उघडले आणि हळूच म्हणाल्या, “तुमच्याबद्दलच चाललंय सकाळपासून. म्हणते, मामा असं करूच शकत नाही.”

मॅडम जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, “मामा, त्या दिवशी एक नंबरच्या टेबलानं आकडे लिहिले असतील. ते मिळतील का?”

एक नंबरच्या टेबलावरच्या मुलीच्या जर्नलचे पान मी त्या दिवशीच उचलून ठेवले होते. खिशातच होते. मी दिले. पानावर असे आहे: आधी सत्तावीस. मिसळल्यावर अर्ध्या मिनिटाने अठ्ठावन्न, एका मिनिटाने साठ, दीड मिनिटाने साठ. पुढे काही नाही. हे पानही आज हजर करतो.

मॅडमनी कॅलेंडरचे जुने पान उलटे करून हिशेब मांडला. साठातून सत्तावीस गेले, तेहतीस. नेहमीची वाढ साडेसहा. तेहतीसला साडेसहाने भागले. पाच आणि जरासे. त्यांनी पेन खाली ठेवले.

“पाचपट,” त्या म्हणाल्या. “मूळ द्रावण तसंच गेलंय. पाणी घातलंच नाही.”

मी म्हणालो, “हो मॅडम. माझी चूक झाली.”

“तुम्ही पाणी घालत नाही, मामा. पाणी मी घालते.”

“त्या दिवशी मी केलं होतं.”

“लेबलं कुणी लिहिली?”

मी जर्नलचे पान परत घेऊन खिशात घातले.

“ब्युरेटचा आकडा पाव मिलीनं बदलून सांगा म्हटलं, तरी तुमची जीभ अडायची. मी परीक्षा घेतली होती तुमची, आठवतं? पहिल्या वर्षी. तेव्हा जमलं नाही, आता कशाला खोटं बोलायला शिकताय?”

ताई उठून आतल्या खोलीत गेल्या. मॅडम म्हणाल्या, “मला ती सकाळ आठवत नाही. आठवायला गेलं की भलत्याच दिवसांच्या सकाळी आठवतात. पण हा भागाकार तर माझ्यासमोर आहे. मी केलंय हे. त्या मुलीला मी केलंय.”

मग त्यांनी त्याच पानावर खाली लिहिले, ‘हे माझ्या हातून झाले. मामांनी केलेले नाही.’ सही केली, तारीख घातली. मला म्हणाल्या, “पोलिसांत जाऊन खरं सांगा. मी येते बरोबर.” मी दोन दिवस मागितले.

वीस तारखेला सकाळी ताईंचा फोन आला. मी गेलो. मॅडम टेबलाशी तेच पान घेऊन बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, “मामा, हे अक्षर माझं आहे. पण हे मी कधी लिहिलं? काय झालं माझ्या हातून?”

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मी सांगितले. मॅडमना माझ्या सांगण्याचा भरवसा वाटला नाही. त्यांनी दुसरे पान घेऊन पुन्हा हिशेब मांडला. साठातून सत्तावीस. तेहतीस. भागिले साडेसहा. उत्तर तेच आले. उत्तर आल्यावर त्यांचा चेहरा एकोणीस तारखेला झाला होता तसाच झाला, पहिल्यांदाच कळल्यासारखा. एकवीस तारखेलाही असेच झाले. त्या दिवशी मी ताईंना म्हणालो, पान लपवून ठेवू. ताई म्हणाल्या, “मी काल लपवलं होतं. तिनं सगळं घर उपसलं. म्हणाली, माझ्या नावावर काहीतरी मोठं आहे आणि तुम्ही सांगत नाही.”

म्हणून मी आणखी दिवस घेतले नाहीत.

मॅडमना या गोष्टीत अडकवण्यासाठी मी जबाब बदलला का, असे विचारले असता सांगतो की, नाही. आधीचा जबाब खोटा दिला त्याची जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे. मॅडमची अवस्था ठाऊक असताना मी आठ महिने गप्प राहिलो आणि शेवटच्या दिवशी तपासले नाही, हेही लिहून घ्यावे. तपासू नका असे त्यांनी सांगितले होते हे खरे आहे. पण त्या विसरतात हे मला माहीत होते आणि मी विसरत नाही.

मुलीच्या वडिलांना मी आज सकाळी आठ वाजता त्यांच्या दुकानावर जाऊन हे सगळे सांगितले आहे. त्यांनी शिलाई मशीन थांबवून ऐकले. “त्या बाईंना माहीत आहे का?” असे विचारले. मी म्हणालो, रोज नव्याने कळते. त्यांनी थोड्या वेळाने पुन्हा मशीन सुरू केले.

मॅडम माझ्याबरोबर आल्या आहेत. ताईंबरोबर बाहेर बाकावर बसल्या आहेत. पान त्यांच्या हातात आहे. सकाळी त्यांना बरेच स्पष्ट असते, दुपारनंतर तसे राहत नाही. माझी विनंती एवढीच की, त्यांचा जबाब घ्यायचा असेल तर माझ्यानंतर लगेच घ्यावा, जेवणाच्या सुट्टीनंतर बोलावू नये. आत्ता त्यांना माहीत आहे.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, कोणी माझ्यावर जोर केलेला नाही. फक्त दुसऱ्या पानावर ‘मॅडमच्या निष्काळजीपणामुळे’ असे लिहिले गेले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडून ‘मॅडमच्या हातून’ असे केले आहे. खोडले तिथे माझी सही आहे.